तुमचे प्रश्न : दाण्याचा कूट, अंडं, दूध आणि बाळाची अॅलर्जी

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते. ज्या पदार्थांची अॅलर्जी होते असं ऐकलंय, ते बाळाला कधी द्यायचे, किती द्यायचे, आणि दिल्यावर काही झालं तर काय करायचं. बाळाचं नाव आणि ओळख पटेल असा मजकूर गाळून निवडक पत्रं घेतली आहेत.

माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. सासूबाई म्हणतात, दाणे तीन वर्षांपर्यंत द्यायचे नाहीत, त्यांना त्या वेळच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. आमचे आताचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने झाले की लगेच सुरू करा. कोणाचं ऐकायचं? — एक आई, सातारा

आताच्या डॉक्टरांचं. पण सासूबाईही मनचं सांगत नाहीयेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली असा सल्ला दिला होता की घराण्यात अॅलर्जी असेल तर बाळाला गाईचं दूध एक वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. आपल्याकडेही पुष्कळ डॉक्टर तेच सांगू लागले. उशिरा दिल्यानं अॅलर्जी टळते असा पुरावा सापडला नाही, तेव्हा २००८ साली त्या संघटनेनं तो सल्ला मागे घेतला. घरोघरी मात्र तो अजून टिकून आहे.

त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याच्या अॅलर्जीचं प्रमाण इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होतं. वंश तोच, फरक खाण्यात होता. इस्रायलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच दाण्याचे कुरमुऱ्यासारखे मऊ पफ खातात. ब्रिटनमध्ये तेव्हा दाणे टाळले जात होते. यावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये गिडियन लॅक यांच्या गटानं 'लीप' नावाची चाचणी घेतली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्वचेवर तीव्र एक्झिमा (खाजणारे, लाल, कोरडे चट्टे) किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना पूर्ण बंद ठेवले. पाचव्या वर्षी, दाणे बंद असलेल्या मुलांपैकी १७ टक्क्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी झालेली होती. खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे या मुलांना हवं तसं खायची मोकळीक दिली, आणि २०२४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार बाराव्या-तेराव्या वर्षीही हा फरक टिकून होता.

असं का होतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी उत्तरं सोपी होतील. शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या प्रथिनाला पहिल्यांदा कुठे भेटते, यावर बरंच अवलंबून असतं. आतड्यातून भेट झाली तर ते प्रथिन सहसा खाणं म्हणून स्वीकारलं जातं. फाटलेल्या, कोरड्या, खाजवून सोललेल्या त्वचेतून भेट झाली तर शरीर त्याला परकं ठरवून त्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे अॅलर्जी घडवणारी रक्तातली प्रथिनं, तयार करू शकतं. आता आपलं घर बघा. कूट आमटीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत. त्याचा बारीक कण हातांवर, ओट्यावर, चादरीवर असतोच. म्हणजे घरात दाणे आहेत, बाळाच्या त्वचेला लागताहेत आणि फक्त तोंडात जात नाहीत, अशी सगळ्यात नको ती स्थिती आपण 'जपण्या'च्या नावाखाली तयार करतो. म्हणून आमचं ठाम मत आहे की जो पदार्थ तुमच्या घरात रोज शिजतो, तो पहिल्या वर्षात बाळाच्या तोंडात गेलाच पाहिजे.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, हा भारतीय बालरोगतज्ज्ञांचा सल्ला तुम्ही पाळताय, तो तसाच पाळा. एक अपवाद आहे. बाळाला तीव्र एक्झिमा असेल, किंवा एखाद्या पदार्थानं आधीच त्रास झाला असेल, तर घरी सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. अशा बाळांना कधीकधी त्वचेची चाचणी करून, दवाखान्यातच पहिला घास देतात, आणि काही वेळा तो सहा महिन्यांच्या थोडा आधीही देतात.

दाण्याचा कूट बाळाला नेमका कसा आणि किती द्यायचा? आमच्याकडे जाडसर कूट असतो. — एक बाबा, सोलापूर

जाडसर कूट अजिबात नको. सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेत दाण्याचा तुकडा अडकणं हे अॅलर्जीपेक्षा मोठं संकट आहे. अख्खे किंवा अर्धे दाणे, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत.

दाणे ताजे घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, चवीला कडवट दाणे वेचून फेकून द्या. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष घरच्या भाजण्यानं जात नाही. पावसाळ्यात कूट थोडा-थोडा, आठवड्यापुरताच करा. दाणे मंद आचेवर भाजा, गार झाल्यावर सालं काढा, मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा (सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो) आणि पिठाच्या चाळणीनं चाळा. चाळणीत उरेल ते घरच्या आमटीत जाऊ द्या.

कोरडा कूट चमच्यानं भरवायचा नाही. तो टाळ्याला चिकटतो आणि ठसका लागून पूड आत ओढली जाते. पीनट बटरचा गोळाही तसाच घशात बसतो. कूट आधी कोमट पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा, तो फुगून घट्ट होईल, मग आणखी सैल करा आणि कुस्करलेल्या केळ्यात, नाचणीच्या पेजेत किंवा मऊ वरण-भातात मिसळा. मीठ-साखर घालू नका.

पहिला दिवस असा निवडा की बाळ ठणठणीत आहे, ताप-सर्दी नाही, त्या दिवशी लस नाही. वेळ सकाळची किंवा दुपारची. रात्री झोपण्याआधी नाही. त्याआधी बाळानं दोन-तीन साधे पदार्थ खाल्लेले असावेत. चमच्याच्या टोकावर येईल एवढंच चाटवा आणि दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर उरलेलं हळूहळू भरवा. पुढचे दोन तास घरातल्या एका मोठ्या माणसानं बाळावर लक्ष ठेवायचं, मोबाइलवर नव्हे. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, एकामागून एक उलट्या, घरघर किंवा बाळ अचानक मलूल होणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबा आणि शेवटच्या उत्तरात सांगितलंय ते करा. टोमॅटो किंवा लिंबू लागून ओठांच्या कडेनं येणारी लाली वेगळी. ती जागच्या जागी राहते आणि थोड्या वेळात जाते.

पहिल्या दिवशी सगळं नीट गेलं की पुढचं प्रमाण ठरवा. एका वेळी साधारण ८ ग्रॅम कूट, म्हणजे पाच मिलीचे सपाट अडीच चमचे. यात सुमारे २ ग्रॅम प्रथिन असतं. आठवड्यातून तीन वेळा द्या. लीप चाचणीत हेच प्रमाण होतं, आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिन, तीन किंवा जास्त वेळांत वाटून. बाळ एवढं संपवेल असं नाही, थोडं उरलं तर जबरदस्ती नको. पण नेम मोडू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एकदा चाटवलं, काही झालं नाही, 'याला अॅलर्जी नाही' म्हणून विषय संपला आणि मग चार महिने दाणे नाहीत. एका चाटणानं काही साधत नाही. बाळगुटीत उगाळलेल्या बदामाचंही तेच आहे. तो अंश इतका थोडा आणि अनियमित असतो की त्यावरून बाळाला बदाम 'सुरू झाला' असं म्हणता येत नाही. शिवाय सहा महिन्यांच्या आत गुटी द्यायलाच नको.

माझ्या नातवाच्या गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत लाल, ओलसर चट्टे आहेत. आंघोळ घालणाऱ्या बाई डाळीचं पीठ आणि साय लावतात, बदामाच्या तेलानं मालिश करतात. सुनेचा त्याला विरोध आहे. पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो, मग आत्ताच काय झालं? — एक आजी, कोल्हापूर

आजी, तुमच्या सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुमची काळजीही खरी आहे. निरोगी, घट्ट त्वचेच्या बाळाला पीठ लावलं तर बहुधा काही होत नाही. पण नातवाच्या अंगावरचे चट्टे म्हणजे एक्झिमा दिसतो, आणि त्या त्वचेला बारीक भेगा आहेत. डाळीचं पीठ म्हणजे हरभऱ्याचं प्रथिन, साय म्हणजे दुधाचं, बदाम तेल घाण्याचं असेल तर त्यात बदामाच्या प्रथिनाचा अंश. हे सगळं बाळाने खाण्याआधी आपण त्याच्या सोललेल्या कातडीत चोळतो. शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं एक्झिमावर लावलेल्या मुलांमध्ये दाण्याची अॅलर्जी जास्त आढळते, हे ब्रिटनमध्ये २००३ सालीच दिसलं होतं. हरभऱ्याची अॅलर्जी आपल्याकडे खरोखर आढळते, मुंबईच्या अॅलर्जीतज्ज्ञांनी तिच्यावर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत.

म्हणून चट्टे असेपर्यंत अंगाला कोणताही खाण्याचा पदार्थ नको. पीठ नको, साय नको, हळद-मलई नको, मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेलही नको. ऑलिव्हचं तेल त्वचेचा थर उलट सैल करतं. आंघोळ पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्यानं, बिनवासाच्या सौम्य क्लिन्झरनं. अंग टिपून, पुसून नव्हे, तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर लावा, दिवसातून किमान दोनदा. लावणाऱ्यानं आधी हात साबणानं धुवायचे. कूट कुटलेल्या, कणीक मळलेल्या हातानं क्रीम लावलं तर तेच प्रथिन त्वचेत जातं. डब्यात बोटं घालण्यापेक्षा पंपाची बाटली बरी.

लाल, ओलसर चट्ट्यांना नुसतं क्रीम पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम ठरवलेले दिवस लावा. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून अर्धवट सोडलं की चट्टे परत येतात, त्वचा महिनोन्‌महिने उघडी राहते आणि अन्नाची अॅलर्जी जडायची संधी वाढते. या बाळाच्या बाबतीत त्वचा आटोक्यात आणणं हे पहिलं काम. दाणे आणि अंडं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, पण पुढे ढकलत राहू नका. उशीर झाल्याचा तोटा सगळ्यात जास्त याच बाळांना होतो.

आठव्या महिन्यात अंडं सुरू केलं आणि श्रावण लागला. महिनाभर घरात अंडं येणार नाही. चालेल का? — एक आई, पुणे

सुरुवातीच्या काळात मोठा खंड टाळलेला बरा. घरातल्यांनी श्रावण पाळावा, बाळाचं अंडं बाहेर उकडून आणता आलं तर आणावं. शेजारी, माहेर, कुणीतरी मदत करेलच. अगदीच जमत नसेल तर महिन्यानंतर पुन्हा चमच्याच्या टोकापासून सुरू करा, एकदम अर्ध्या अंड्यावर जाऊ नका.

अंडं पूर्ण उकडलेलं हवं, पाणी उकळायला लागल्यापासून दहा-बारा मिनिटं. पांढरं आणि पिवळं दोन्ही द्या, कारण अॅलर्जीचं प्रथिन मुख्यतः पांढऱ्यात असतं, आणि आपल्याकडे बाळाला नेमकं पिवळंच भरवतात. हाफ फ्राय, कच्चं अंडं घातलेलं दूध, घरचं मेयोनीज नको. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून उकडलेल्या अंड्याची अगदी चिमूटभर पूड रोज दिली, त्वचेवरही नीट उपचार केले. वर्षाच्या वयात त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना अंड्याची अॅलर्जी होती, न दिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. घर पूर्ण शाकाहारी असेल आणि मूल पुढेही अंडं खाणार नसेल, तर अॅलर्जी टाळण्यासाठी म्हणून अंडं आणायची सक्ती नाही.

अकरा महिन्यांच्या मुलाला गाईच्या दुधाची अॅलर्जी निघाली. दुधाचे दोन चमचे दिले की अर्ध्या तासात गांधी आणि उलटी. कुणी सांगतं शेळीचं द्या, कुणी देशी गाईचं ए-टू. — एक आई, अहिल्यानगर

दोन्ही नको. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना त्यांचाही तसाच त्रास होतो. ए-टू दुधात बीटा-केसीन या प्रथिनाचा एक प्रकार वेगळा असतो, बाकी केसीन आणि व्हे प्रथिनं तीच. 'लॅक्टोज-फ्री' दुधातली लॅक्टोज नावाची साखर बदललेली असते, प्रथिन नाही. लॅक्टोज न पचणं म्हणजे गॅस आणि पातळ शी. गांधी नव्हे. तुमच्या मुलाचा त्रास वेगळा आहे.

दूध बंद म्हणजे दही, ताक, पनीर, खवा, पेढा, दुधाची बिस्किटंही बंद. तूपही डॉक्टरांना विचारूनच, त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो. या वयाला पर्यायी दूध म्हणून डॉक्टर खास फॉर्म्युला लिहून देतील. नाचणीचं सत्त्व किंवा नारळाचं दूध हे खाणं म्हणून चालेल, दुधाची जागा घेऊ शकत नाही. लेबलवर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स शोधा. भारतातल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर दूध, अंडं, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, शेंगदाणे व सुकामेवा, सोया आणि ग्लुटेनचं धान्य यांचा उल्लेख करावा लागतो. सुट्या मिठाईवर तुम्हाला तो वाचायला मिळणार नाही, म्हणून ती टाळा.

धीर देणारी गोष्ट ही की दूध आणि अंडं यांची अॅलर्जी बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयात जाते. सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासायला जा. घरी 'बघू तरी' म्हणून पेढा देऊ नका. शेंगदाण्याची अॅलर्जी मात्र साधारण पाचातल्या एकाचीच जाते.

मुलीच्या रक्तात नव्वद पदार्थांची तपासणी केली. गहू, तांदूळ, तूरडाळ, वांगं, कोळंबी, बावीस पदार्थ पॉझिटिव्ह. ती हे सगळं रोज खाते, तिला काही होत नाही. आता सगळं बंद करू का? — एक बाबा, ठाणे

बंद करू नका. जे खाऊन काही होत नाही, त्याची अॅलर्जी नाही, रिपोर्ट काहीही म्हणो. बेंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी अॅलर्जी असावी असे निघाले सव्वा टक्क्याच्या आसपास. घरातल्या धुळीतल्या किड्याची किंवा झुरळाची अॅलर्जी असेल तर कोळंबीची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण त्यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं सारखं प्रथिन असतं.

रिपोर्टवर आयजीजी असं लिहिलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा. आयजीजी हे वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड, त्याचा अर्थ तो पदार्थ खाल्लाय, एवढाच. तपासणी करायची ती त्रास झालेल्या, नाव घेता येणाऱ्या पदार्थाचीच. आणि रोज खाल्लं जाणारं अन्न निष्कारण बंद केलं तर मूल कुपोषित होऊ शकतंच, शिवाय आधी सोसत असलेल्या पदार्थाची अॅलर्जी नव्यानं जडू शकते.

बांगडा खाल्ला आणि मुलासह आम्हा तिघांचेही चेहरे लाल झाले, डोकं ठणकलं. मुलाला माशाची अॅलर्जी आहे का? — एक आई, रत्नागिरी

एकाच वेळी सगळ्यांना झालं, म्हणजे बहुधा अॅलर्जी नाही. बांगडा, सुरमई, कुपा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन (अॅलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) साठतं आणि ते तळून किंवा शिजवूनही जात नाही. लक्षणं अॅलर्जीसारखीच. डॉक्टरांना मासा कुठून आणला, किती वेळ बाहेर होता, किती जणांना त्रास झाला हे सांगा. एकट्या मुलालाच, आणि प्रत्येक वेळी झालं असतं, तर गोष्ट वेगळी. लक्षात घ्या, मासे आणि कोळंबी यांची अॅलर्जी स्वतंत्र असते. एकाची असली म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही.

आम्ही मेलबर्नला असतो. इथे सगळेच अॅलर्जीबद्दल बोलतात, भारतात असं नव्हतं. हा बाऊ आहे का? — एक आई, मेलबर्न

बाऊ नाही. मेलबर्नमध्ये घेतलेल्या अभ्यासात एक वर्षाच्या मुलांपैकी दहा टक्क्यांहून अधिक मुलांना प्रत्यक्ष खाऊ घालून सिद्ध झालेली अन्नाची अॅलर्जी होती. आशियाई आईवडिलांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांमध्ये सुकामेव्याची आणि दाण्याची अॅलर्जी, आशियात जन्मून नंतर तिथे गेलेल्या मुलांपेक्षा जास्त दिसते. 'आमच्यात कुणाला नाही' हा दिलासा म्हणून तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलियाचा सल्ला सुमारे सहा महिन्यांपासून, वर्षाच्या आत सगळे नेहमीचे पदार्थ सुरू करण्याचा आहे. तो पाळा. काजू, अक्रोड, तीळ हेही बारीक वाटून द्या, कारण दाणे खाल्ल्यानं काजूपासून संरक्षण मिळत नाही.

खाल्ल्यावर मुलाला जोराची अॅलर्जी झाली तर घरी काय करायचं? गावापासून दवाखाना चाळीस मिनिटांवर आहे. — एक बाबा, चिपळूण

नुसत्या थोड्या गांधी असतील, मूल खेळत असेल, तर डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं अॅलर्जीचं औषध द्या आणि दोन तास नजर ठेवा. आमसुलाचं पाणी लावल्यानं खाज कमी वाटेल, पण त्याचा उपयोग तेवढाच. घरघर, आवाज बसणं, सतत खोकला, जीभ सुजणं, पुन्हा पुन्हा उलट्या, अंग गार पडणं, मूल मलूल होणं, यांतलं एक जरी दिसलं तर ही अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी, असू शकते आणि औषध एकच, अॅड्रिनलिन. सिरप आणि स्टेरॉइड उशिरा काम करतात, श्वास आणि रक्तदाब सावरत नाहीत.

मूल आडवं झोपवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका, चालवू नका, अचानक उभं केल्यानं रक्तदाब कोसळतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा.

तुमच्यासारख्यांनी मुलाचं निदान झालेलं असेल तर डॉक्टरांकडून इंजेक्शन आधीच शिकून घ्यावं. तयार पेनसारखं ऑटोइंजेक्टर आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, म्हणून एक मिलीत एक मिलिग्रॅम अॅड्रिनलिनची अॅम्प्यूल (काचेची छोटी कुपी), एक मिलीची सिरिंज आणि २५ मिलिमीटरची सुई असा संच ठेवतात. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ०.१ मिली, मुलांसाठी जास्तीत जास्त ०.३ मिली. मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, तिची सुई आखूड असते आणि खुणा युनिटमध्ये असतात, घाईत चूक होते. मुलाचं आजचं वजन आणि त्याची मिलीतली मात्रा डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या, तो कागद संचालाच चिकटवा आणि वजन वाढलं की बदला. संच उजेड आणि उष्णतेपासून लांब ठेवा, गाडीच्या कप्प्यात नको. औषध तपकिरी दिसलं किंवा तारीख उलटली की टाकून नवं आणा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो, म्हणून दोन अॅम्प्यूल हव्यात. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच आणि डॉक्टर सांगतील तितके तास तिथे थांबायचं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. शाळेतल्या बाईंना आणि अंगणवाडीतल्या सेविकेला एक प्रत द्या, आणि मुलाला डबा वाटून खायचा नाही हे घरच्या भाषेत, रोज, न रागावता सांगा.